केस पेपरवरचा शब्द

समाजकार्याच्या कॉलेजात मी ठरवून गेले नाही. बी.एड.च्या यादीत नाव लागलं नाही, आणि घरी बसले असते तर त्याच हिवाळ्यात लग्न लावून दिलं असतं, म्हणून यवतमाळला एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला. फी मोठ्या बाबांनी भरली. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घर आर्णी तालुक्यातलं, एकत्र. शेती, माणसं, लग्नकार्य, दवाखाना, सगळं तेच बघायचे. प्रवेशाच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी विचारलं, "हे समाजकार्य म्हंजे नेमकं काय असते? नोकरी लागते का त्यानं?"

मला सांगता आलं नाही. "लागते म्हणतात," एवढंच म्हटलं.

पहिले दोन-अडीच महिने वर्गातच गेले. व्यक्तीचा स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय, सामाजिक न्याय. मी हे शब्द लाल शाईनं अधोरेखित करून पाठ केले. सामाजिक न्यायाची व्याख्या मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. पितृपक्षात क्षेत्रकार्य सुरू झालं. आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेबरोबर गावात जायचं, लोकांना भेटायचं आणि परत येऊन त्याची नोंद लिहायची. माझ्या वाट्याला आली ती संस्था आर्णीच्या बाजूला एकट्या बायकांसोबत काम करायची. तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, स्कूटीवर सगळा तालुका पालथा घातलेल्या. मीच त्यांना म्हटलं, आमच्या गावाजवळचा तांडा मला द्या, शनिवारी घरी मुक्काम करता येईल.

"ओळखीच्या ठिकाणी काम सोपं नसतं," त्या म्हणाल्या.

"सोपंच जाईल मॅडम, सगळे आम्हाला ओळखतात."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि यादीवर टिक केली.

तो तांडा आमच्या गावापासून नाल्यापलीकडे, पायी वीस मिनिटांवर. बंजाऱ्यांची चाळीस-पन्नास घरं. त्यांचे पणजोबा बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे म्हणतात. आता काहींकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे, बाकीचे आमच्यासारख्यांच्या वावरात मजुरीला येतात. बावीस वर्षांत मी एकदाही तांड्याच्या आत गेले नव्हते. तिथली माणसं आमच्याकडे यायची. वेचणीला, निंदणीला, फवारणीला. आपण तिकडे जायचं असतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पहिल्याच भेटीत एका घरासमोर थांबले. तिशीची बाई शेणानं अंगण सारवत होती. तिचा नवरा गौरी-महालक्ष्म्यांच्या दिवसांत वारला होता, ते मला माहीत होतं. आमच्याच वावरात कामाला यायचा. तिनं हात धुतले, गोणपाट टाकलं, पाणी दिलं. मग आत जाऊन साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात कागद होते.

"ताई, तुमाले इंग्रजी वाचता येते ना? याच्यात काय लिहिलं हाय, सांगा बरं."

तो दवाखान्याचा केस पेपर होता. अक्षर घाईतलं. पहिल्या ओळी कशाबशा लागल्या आणि मग एक वाक्य नीट वाचता आलं. रुग्णानं विषारी औषध प्राशन केल्याचं सांगण्यात आलं. त्याखाली माहिती देणाऱ्याचं नाव. ते मोठ्या बाबांचं होतं.

"लिहिलंय की... त्यांनी औषध घेतलं," मी म्हटलं.

आमच्याकडे 'औषध घेतलं' याचा एकच अर्थ होतो. माणूस जीव द्यायला निघाला होता.

तिनं मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं, फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. "त्यानं घेतलं नाही, ताई. फवारलं. दोन दिस सारखा फवारून राह्यलता. सकाळी मीच भाकर बांधून देल्ली. पोरीले म्हने, येतानी तुले चिवडा आणतो. असा मानूस जहर घेते का?" तिचा आवाज चढला नाही. "सासू म्हनते, तूच भांडली असशीन. तांड्यात कोनाच्या घरी कार्य असलं त मले बलावत नाही. पोरगी चौथीत हाय. तिले शाळेत पोट्टे म्हनतात, तुह्या बापानं जहर घेतलं. ती आता शाळेत जात नाही म्हनते."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तिची सासू ज्वारी पाखडत बसली होती. तिनं एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही.

"मग तुम्हाला काय हवंय, वहिनी?" मी वर्गात शिकवलेला प्रश्न विचारला.

"पैसे भेटत असन त भेटो. पन आधी हा शब्द काढून द्या."

मी वहीत लिहून घेतलं आणि परत निघाले. तिचा नवरा खरं काय करत होता ते मला माहीत होतं. मी त्याला पाहिलं होतं.

महालक्ष्म्यांच्या सुट्टीत मी घरी आले होते. त्या वर्षी पाऊस लांबला आणि मग कडक ऊन पडलं. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी पडली होती, सगळ्या शिवारात फवारणीची घाई चालली होती. दुपारी आईनं डबा देऊन मला वावरात पाठवलं. मोठे बाबा विहिरीजवळच्या निंबाखाली बसले होते. तो पऱ्हाटीतून बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीपासून कमरेपर्यंत ओला होता, पंपातून गळून गळून. तोंडाला दुपट्टा बांधलेला, तोही ओला. पाय उघडे. त्यानं पाणी मागितलं, मी वरून ओंजळीत ओतलं. त्याचे डोळे लाल होते आणि तोंडातून लाळ येत होती.

"ताई, अंधारल्यावानी दिसून राह्यलं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तोंड धुवा, सावलीत बसा थोडं." मग मोकळा डबा उचलला आणि घरी आले. घरी पुरणाचा वास होता, पाहुणे होते. संध्याकाळी मोठ्या बाबांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं हे कळलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "त्यानं घेतलं म्हनतात." चौथ्या दिवशी तो गेला. घरात कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी त्यावर विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही. मी त्यावर विचारच केला नाही, आणि सुट्टी संपल्यावर यवतमाळला जाऊन सामाजिक न्यायाची व्याख्या पाठ केली.

त्या भेटीची नोंद मी चार पानं लिहिली. घराचं वर्णन, कुटुंबाची माहिती, बाईची मनःस्थिती, पुढची योजना. मॅडमनी ती आम्हा सगळ्या विद्यार्थिनींसमोरच वाचली आणि वही मिटून विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"माहिती देणारा शेतमालक म्हणून लिहिलंयस. नाव नाही लिहिलं. बाकी सगळ्यांची नावं आहेत."

मी रडायला लागले. बाकीच्या मुली बाहेर गेल्या. मी सगळं सांगितलं, पाण्यापासून लाळेपर्यंत. मला वाटलं, त्या एक तर रागावतील, नाही तर जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"घरी जाऊन भांड, असं मी तुला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझी फी तिथून येते, तुझं लग्न तिथून होणार आहे. हवं तर मी तुला दुसरं गाव देते, कुणाला कारण सांगणार नाही. पण तू काय पाहिलंस हे त्या बाईला कळायला हवं. तू सांग, नाही तर मला सांगू दे. आणि नोंदीत खोटं लिहायचं नाही. न लिहिणं पण त्यातच येतं."

मी दोन आठवडे तांड्यात गेले नाही. ताप आल्याचं कळवलं. तिसऱ्या शनिवारी गेले. ती वेचणीहून नुकतीच आली होती, कापसासाठी कमरेला बांधलेली ओटी अजून सोडली नव्हती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "वहिनी, मी त्या दिवशी वावरात होते. मी त्यांना फवारताना पाहिलं. त्यांना दिसत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही."

ती ओटीची गाठ सोडत राहिली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात एक दिस शुद्धीवर होता ना. त्यानंच सांगतलं. म्हने, मालकाच्या पोरीनं पानी देल्लं. म्हनूनच तं तुमाले कागद वाचाले देल्ला. नाही तं वाचनारे तांड्यातबी हायत."

म्हणजे महिनाभर ती माझी वाट पाहत होती. मी तिची केस लिहीत होते, आणि ती बसल्या जागेवरून मी काय करते ते बघत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण तिनं गोणपाट टाकलं, आणि मी बसले.

मॅडमनी पुढचा रस्ता समजावून सांगितला. केस पेपर कुणी खोडत नसतं. पण पोलिसांकडे मृत्यूची चौकशी अजून उघडी होती. प्रत्यक्ष पाहणाऱ्यानं जबाब दिला तर निदान शेवटच्या अहवालात खरं कारण येऊ शकतं. त्यांनी त्या बाईला हेही स्पष्ट सांगितलं की असं केलं तर मालक लोक कामाला बोलावणार नाहीत. दोन दीरही आमच्याच वावरात जात होते. तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यानं, तिला बोलावून घेतलं. "मेलेला मानूस वापस येत नाही, बाई. जित्याईचं पाह्य." तिनं चार दिवस घेतले. मग मुलीला मॅडमकडे निरोप देऊन पाठवलं की करायचं.

मी मोठ्या बाबांना आधी सांगायचं ठरवलं. ते अंगणात खाटेवर बसून चहा पीत होते. मी खाली पायरीवर बसले.

"मोठे बाबा, तो फवारत होता. तुम्ही दवाखान्यात 'त्यानं घेतलं' असं काहून सांगतलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कोन म्हनते?"

"मी होते तिथं."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "पोलीस आले असते. माह्यावर गुन्हा लागला असता. औषध म्या आनलं, पंप माहा, वावर माह्यं. बाकीच्या गावात काय झालं पेपरात वाचलं नाही का तू? मालकालेच धरते." त्यांचा आवाज वाढला. "त्याले माह्या गाडीत घालून कोनं नेलं? म्याच नेलं ना? तांड्यातून एक तरी आलता का? चार दिस खेटे घातले म्या."

"पण तिच्यावर नाव आलं. ती भांडली म्हणून त्यानं घेतलं, असं लोक म्हणतात."

"अन् तू?" ते माझ्याकडे वळले. "तू होती ना तिथं? शिकलेली हायस. त्याले दिसत नोयतं तं तू काहून नाही थांबवलं त्याले? काहून नाही मले सांगतलं? दहा पावलांवर बसलो होतो मी."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ते खोटं बोलले होते, पण हे त्यांनी खरं विचारलं होतं.

"मी सोमवारी जबाब देणार आहे," मी म्हटलं. "मी काय केलं नाही, तेही सांगणार."

ते उठून आत गेले. आईनं मला बाजूला घेतलं. "तुह्या बापाचं तोंड पाह्य जरा. त्याले या घरात राहाचं हाय." वडील गोठ्यात होते. ते बाहेर आले नाहीत. मी बॅग घेतली आणि फाट्यावर येऊन एसटीची वाट पाहिली.

सोमवारी मॅडम, ती बाई आणि मी, आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. जमादार वयस्कर होता, वाईट नव्हता. त्यानं माझं आडनाव दोनदा विचारलं. "म्हंजे तुमी त्यायच्याच घरच्या?" मग लिहू लागला. मी सांगत गेले आणि तो माझी वाक्यं त्याच्या सरकारी भाषेत घालत गेला. लाळ येत होती, हे त्यानं लिहिलं. मी घरी निघून गेले, हे लिहायला तो तयार नव्हता. "त्याची गरज नाही." मी म्हटलं, आहे. ती बाई बाकावर बसून ऐकत होती. शेवटी त्यानं तेही लिहिलं आणि माझी सही घेतली.

आठवडाभरात निकाल लागला, पण तो चौकशीचा नव्हता. आमच्या घरून तिला वेचणीचं बोलावणं आलं नाही. मग शेजारच्या वावरातून आलं नाही. मग गावातल्या कुणाकडूनच नाही. दीरांना कामावर ठेवलं, पण तिच्याशी संबंध ठेवायचा नाही या अटीवर. ऐन कापसाच्या दिवसांत ती घरी बसली. मॅडमनी आर्णीत एका खानावळीत भांड्यांचं काम बघून दिलं, पण जाण्यायेण्यातच दिवस जायचा. दिवाळीला मी घरी गेले नाही. आईचा फोन आला, "येऊ नको म्हनत नाही कोनी. पन येऊ नको."

दिवाळी उलटल्यावर तांड्यातून ऊस तोडायला जाणाऱ्या टोळीत तिनं नाव दिलं. एरवी नवरा-बायकोची जोडी लागते. तिला एका म्हाताऱ्या चुलत सासऱ्याबरोबर जोडी लावून घेतलं. मुलीला मागे कुणाजवळ ठेवणार? सासूशी बोलणं नव्हतं. मुलगी तिच्याबरोबर गेली. ट्रक निघाला तेव्हा मी फाट्यावर होते. वर भांडी, कोंबड्या, चुलीची लाकडं आणि त्यात ती मुलगी, केसांना लाल रिबन लावलेली. दप्तर तिनं सोबत घेतलं होतं.

"वहिनी, मी हे सुरू करायला नको होतं," मी म्हटलं.

"तुमी कुठं सुरू केलं?" ती म्हणाली. तिला घाई होती. "कागद आला तं फोन करजा."

कागद फेब्रुवारीत आला. मॅडम आणि मी तो तहसीलला जाऊन आणला. पोस्टमॉर्टम, जबाब, सगळं जोडून शेवटी एक वाक्य होतं: फवारणी करताना विषबाधा होऊन मृत्यू झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. मी ते तीनदा वाचलं. मॅडम म्हणाल्या, "यापेक्षा जास्त ते लिहीत नाहीत." मदतीच्या अर्जाचं काय, विचारलं तर तिथल्या बाबूनं सांगितलं, सातबाऱ्यावर नाव असेल त्याचाच अर्ज चालतो. मजुराचं वेगळं, वरून पत्र यावं लागेल. ते पत्र माझं शिक्षण संपेपर्यंत आलं नव्हतं, नंतरही आलं नाही.

मी तिला फोन लावला. मागे कोयत्यांचे आवाज होते, कुणीतरी ओरडत होतं. मी ते वाक्य वाचून दाखवलं.

"नाकारता येत नाही म्हंजे?"

"म्हणजे... फवारून गेला असं म्हणता येतं. घेतलं असं आता कुठं लिहिलेलं राहत नाही."

"केस पेपरवर?"

"तिथं आहे. ते खोडत नाहीत."

"हे माह्या सासूले वाचून दाखवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी तांड्यात गेले. सासू ओसरीवरच होती. तिला मराठी समजायची, पण हे गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, ऐकावं म्हणून मी शेजारच्या एका मुलीला सोबत बसवलं. ती एकेक शब्द सांगत गेली. म्हातारीनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ती रडेल. तिनं तो कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला, आणि मराठीत मला विचारलं, "मंग तुह्या घरच्यायनं तसं काहून सांगतलं वो?"

मी सांगितलं, भीतीनं. पोलिसांच्या भीतीनं.

"अन् मी तिले घरातून काढाले निंगाली होती," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बराच वेळ बाहेर बसले. ती परत आली नाही.

टोळी गुढीपाडव्याच्या सुमारास परतली. सासू फाट्यापर्यंत गेली होती, एवढं मला तांड्यातल्या बायकांनी सांगितलं. सासू-सुना पुन्हा एका चुलीवर आल्या. मुलीचं वर्ष बुडालं. तिला पुन्हा चौथीत बसवलं, पण तिचं मन शाळेत राहिलं नव्हतं आणि सातवीनंतर तिनं ती सोडली. दरवर्षी टोळीबरोबर जाते. तिची आई आता जात नाही; तिचे गुडघे गेलेत.

मोठ्या बाबांनी माझी दुसऱ्या वर्षाचीही फी भरली. बोलत नव्हते, पण भरली. मी ती घेतली. याचाही विचार मी पुष्कळ केला आहे.

शिक्षण झाल्यावर मी मॅडमच्याच संस्थेत राहिले. पहिल्या पावसाळ्यात आम्ही फवारणीच्या माहितीसाठी तांड्यात सभा घेतली. हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा. मी घालून दाखवलं. पुरुष ओळीनं बसले होते, ऐकत होते. मागून एक जण उठला. त्या बाईचा धाकटा दीर. तो अजून आमच्याच वावरात जायचा.

"ताई, हे सामान मालक देत नाही. आपन इकत घेतलं अन् भादव्याच्या उन्हात घातलं तं घंटाभरात चक्कर येते. काढलं तं औषध लागते. अन् नाही फवारतो म्हनलं तं उद्या दुसऱ्याले बलावते. तुमीच सांगा, काय कराव?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात अजून तो मोजा होता, घामानं आतून चिकट झालेला. मी म्हटलं, "मला माहीत नाही." मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हे सामान मजुरांना द्या असं सांगायला मालकांच्या घरोघरी जायला निघालो. गावातलं पहिलं घर आमचंच होतं.